जीपीएस लॅप टायमर (मोटरसायकल ट्रॅक डे)

जीपीएस लॅप टायमर म्हणजे बाइकवर लावायचं छोटंसं यंत्र. ते उपग्रहांच्या सिग्नलवरून आपली जागा आणि वेग सतत नोंदवत राहतं आणि ट्रॅकवर आपण आखून दिलेली एक काल्पनिक रेघ ओलांडली की लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी, मोजतं. ट्रॅक डे म्हणजे आपली बाइक घेऊन रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस, रेस नव्हे, तिथे सेशन संपल्यावर कुणी टायमिंगचा कागद हातात देत नाही, त्यामुळे आपण खरंच सुधारतोय की नुसतं तसं वाटतंय हे कळायला बहुतेक रायडर हेच वापरतात. आणि वाटण्यावर तर अजिबात जाऊ नये, कारण ज्या लॅपला मागचं चाक घसरलं, ब्रेक उशिरा मारला, छाती धडधडली, तो लॅप पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांबायच्या जागी) येऊन बघावा तर हळू निघतो, आणि ज्यात काहीच घडलं नाही असं वाटलं तोच दिवसातला बेस्ट असतो.

याच्या आधी पिट वॉलवर स्टॉपवॉच घेऊन उभा असलेला मित्र असायचा, नाहीतर इन्फ्रारेड बीकन, म्हणजे न दिसणारे किरण सोडणारी पेटी. बीकन वॉलवर ठेवायचा, रिसीव्हर बाइकवर, आणि नेमकी त्याच क्षणी मध्ये दुसरी बाइक आली की लॅप गायब. रेसमध्ये ट्रान्सपॉन्डर (बाइकवरचा सिग्नल सोडणारा छोटा डबा) वापरतात, तो सिग्नल पकडणारी वायर ट्रॅकमध्येच पुरलेली असते आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ देतो. जीपीएसमध्ये अमेरिकेने नागरी वापरासाठी मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, त्यानंतर या कामासाठी त्याचा विचार करण्यात अर्थ उरला. आता रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइदोऊ हे सगळे उपग्रह एकाच रिसीव्हरला दिसतात.

यात खरा आकडा म्हणजे हर्ट्झ, म्हणजे एका सेकंदात किती वेळा जागा नोंदवली जाते. फोनचा स्वतःचा जीपीएस साधारण १ हर्ट्झचा असतो. ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर, म्हणजे दोन नोंदींमध्ये ५० मीटरची पोकळी, त्यात अख्खा कॉर्नर मावतो. १० हर्ट्झला तीच पोकळी ५ मीटर होते, २५ हर्ट्झला २ मीटर. रेघ बहुतेक वेळा दोन नोंदींच्या मध्येच कुठेतरी ओलांडली जाते, तेव्हा यंत्र वेगावरून हिशोब करून नेमका क्षण काढतं, म्हणून १० हर्ट्झवालाही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत बऱ्यापैकी भरवशाचा असतो. फोनच वापरायचा तर रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमरसारखं अ‍ॅप घेऊन ब्लूटूथने बाहेरचा रिसीव्हर जोडतात. फक्त फोन हँडलबारवर लावू नका. मोटरसायकल इंजिनच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिलाय. फोन जॅकेटच्या खिशात, रिसीव्हर बाइकवर, हे बरं. नाहीतर एआयएम सोलो किंवा क्यूस्टार्झसारखं वेगळं यंत्र, ज्याचा स्क्रीन उन्हात दिसतो आणि बटणं ग्लोव्हजमधून दाबता येतात.

जीपीएसची जागा दोन-तीन मीटर इकडेतिकडे असतेच, मग लॅप टाइम बरोबर कसा येतो? कारण ही चूक हळूहळू सरकते, दोन मिनिटांपूर्वी रेघ ओलांडताना जेवढी होती साधारण तेवढीच आत्ताही असते, आणि वजाबाकीत निघून जाते. म्हणूनच वेळेवर विश्वास ठेवावा पण रेसिंग लाइनच्या (बाइक ट्रॅकवर नेमकी कुठून गेली त्या वाटेच्या) नकाशावर जपून. 'या लॅपला मी एपेक्सला (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला) दीड मीटर आत होतो' असं त्या नकाशावरून म्हणणं म्हणजे स्वतःलाच गंडवणं.

रेघ कुठे आखायची हेही बघावं लागतं. सरळ पट्ट्यावर, जिथे वेग जास्त तिथे. ताशी १८० ला एक मीटरची चूक म्हणजे ०.०२ सेकंद, तीच ताशी ६० च्या कॉर्नरला ०.०६. रेघ ट्रॅकच्या पूर्ण रुंदीला हवी, पण पिट लेनपर्यंत लांबली तर पिटमध्ये येणंही लॅप म्हणून मोजलं जातं.

अँटेनाला आकाश दिसलं पाहिजे. प्लास्टिकच्या फेअरिंगखाली (बाइकच्या बाहेरच्या आवरणाखाली) चालतं, धातू किंवा कार्बन फायबरखाली नाही. बाइक झुकली की अँटेनाही झुकतो आणि एका बाजूचे उपग्रह कमी दिसतात, कारवाल्यांना ही कटकट नाही. यंत्र ट्रॅकवर निघायच्या काही मिनिटं आधीच चालू करून उघड्यावर ठेवावं, गॅरेजच्या पत्र्याखाली चालू केलं तर पहिला लॅप फुकट. काही यंत्रं लीन अँगलही, म्हणजे बाइक किती झुकली तो कोनही, दाखवतात. त्यातला एक प्रकार नुसता वेग आणि वळणाची त्रिज्या यावरून काढलेला असतो: ताशी १०० आणि ८० मीटर त्रिज्या असेल तर साधारण ४५ अंश. रायडर किती बाहेर लटकलाय, टायर किती रुंद आहे हे त्यात धरलेलं नसतं, त्यामुळे मित्रांना दाखवायला ठीक.

चालवताना स्क्रीनवर प्रेडिक्टिव्ह टाइम किंवा डेल्टा येतो, म्हणजे बेस्ट लॅपच्या तुलनेत या जागी आपण किती पुढे-मागे. आकर्षक आहे आणि घातकसुद्धा. ताशी २०० ला स्क्रीनवर एक सेकंद नजर म्हणजे ५५ मीटर न बघता, शिवाय ०.३ सेकंदाने पुढे आहोत दिसलं की माणूस पुढच्या कॉर्नरला हमखास जास्तीचं काहीतरी करतो. नवीन रायडरने डिस्प्लेवर सरळ टेप लावावी, नुसतं रेकॉर्डिंग होऊ द्यावं.

खरी मजा सेशननंतर. ट्रॅक तीन-चार सेक्टरमध्ये, म्हणजे तुकड्यांमध्ये, तोडायचा, दोन लॅपचे वेगाचे आलेख एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक कॉर्नरचा किमान वेग बघायचा. समजा कॉर्नरचा मधला ५० मीटरचा तुकडा ताशी ६० ऐवजी ६५ ने गेला, तर तिथेच जवळपास पाव सेकंद वाचतो, आणि थ्रॉटल लवकर उघडता आला तर पुढच्या सरळ पट्ट्यावर त्याचं व्याज मिळतं. टॉप स्पीडच्या आकड्यावर सगळे भांडतात, वेळ मात्र बहुतेक वेळा ब्रेक सोडून थ्रॉटल उघडेपर्यंतच्या त्या उगाच तरंगण्यात गेलेला असतो, आलेखात तिथे सपाट रेषा दिसते. सगळे बेस्ट सेक्टर जोडून सॉफ्टवेअर एक आयडियल लॅपही देतं, पण तो कुणी चालवलेला नसतो. एका सेक्टरला जास्त ताणलं की पुढचा बिघडतो हे त्यात येत नाही. हळू रायडरमागे अडकलेले लॅप आधी काढून टाकावेत.

बऱ्याच ट्रॅक डेंना टायमिंगलाच बंदी असते, कारण वेळ मोजली की विम्याच्या दृष्टीने ती स्पर्धा ठरू शकते. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकवर पर्यटकांसाठीच्या फेऱ्यांमध्ये वेळ मोजायला मनाई आहे. डिस्प्ले झाकून नुसतं रेकॉर्डिंग चालेल का हे सकाळच्या ब्रीफिंगमध्येच विचारून घ्यावं, काही ठिकाणी तेही चालत नाही.