एक खाडा पडला म्हणून काय बिघडलं?

पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक रंगीत पत्रक आलं. 'शरीर, मन, आत्मा : २१ दिवसांत नवे तुम्ही!' खाली तीन रकाने. शरीरासाठी रोज १०,००० पावलं, मनासाठी अर्धा तास मोबाइल बंद, आत्म्यासाठी पहाटे ध्यान. आणि तळाशी ठळक अक्षरांत : 'एकही दिवस चुकला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात!' पहिले चार दिवस घामाघूम सेल्फींचा पूर आला. नवव्या दिवशी शुकशुकाट. चौकशी केली तर बहुतेकांचा एखादा दिवस बुडाला होता, आणि पुन्हा एकपासून मोजायला कुणाला हुरूप नव्हता.

मला राग आला तो त्या तळच्या ओळीचा. पण आधी २१चं बघू.

२१ मोदक, २१ दूर्वा. आकडा ओळखीचा, त्यामुळे तो आपल्याला चटकन पटतो. सवयींच्या बाबतीत मात्र तो गणपतीकडून आलेला नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं आणि १९६०च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तसं लिहिलं. पुढे सांगोवांगीत 'किमान' गळलं, 'आसपास' गळलं, चेहराही गळला. उरले नुसते २१ दिवस. नवं नाक अंगवळणी पडणं आणि पहाटे पाचला पांघरूण फेकून देणं यांचा एकमेकांशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. १०,००० पावलांचंही तसंच. १९६५च्या सुमारास जपानमध्ये एक पाऊलमापक विकायला आला, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक'. आकडा गोल, विक्रीला सोयीचा. सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७,००० अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाणही २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५००च्या पुढे आणखी फायदा दिसेनासा झाला.

सवय लागायला खरोखर किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मोजलं. ९६ जणांनी खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एकेक छोटी गोष्ट निवडली. ती रोज एकाच प्रसंगाला जोडून करायची, उदाहरणार्थ 'न्याहारी झाली की'. ८४ दिवस त्यांनी नोंदवलं की ती गोष्ट किती आपोआप होते. ज्यांच्या नोंदींवर गणिती वक्र नीट बसला, त्यांच्यात मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असं गणित सांगत होतं. (अभ्यास ८४ दिवसांचा, मग २५४ कसे? वक्र पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे तो. हे सांगायचं लोक विसरतात आणि आता '२१ नाही, ६६!' अशी नवी पत्रकं छापतात.) आणि माझ्या रागाचं कारण : एखादा दिवस चुकल्याने त्या वक्रावर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आपल्याकडे याला 'खाडा पडणं' म्हणतात. खाडा पडतो, काम सुटत नाही.

असं का, हे समजायला मेंदूत थोडं खोल उतरावं लागेल. हा माझा आवडीचा भाग आहे, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मेंदूच्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थराखाली, आत, स्ट्रायटम नावाचा चेतापेशींचा पुंजका आहे. मध्यमेंदूतल्या काही पेशी आपले लांब तंतू त्याच्यापर्यंत पोहोचवतात आणि तिथे डोपामिन सोडतात. डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं आपण वाचतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतल्या माकडांनी ते खोटं पाडलं. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी कडकडून पेटत. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही फेऱ्यांनंतर पेशी दिव्याला पेटू लागल्या आणि रसाला गप्प! रस तोच, गोडी तीच, पण आता त्यात नवल नव्हतं. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही शांत झाल्या. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत. त्या मोजतात मिळालेलं वजा अपेक्षित. वजाबाकी करतात त्या!

आता हे आकड्यांत मांडू. बक्षीस १० धरा, सुरुवातीची अपेक्षा शून्य, आणि दर वेळी फरकाचा पाचवा हिस्सा मेंदू शिकतो असं समजा. पहिल्या दिवशी फरक १०, अपेक्षा झाली २. दुसऱ्या दिवशी फरक ८, अपेक्षा ३.६. तिसऱ्या दिवशी ४.८८, चौथ्या दिवशी ५.९. वाढ होतेच आहे, पण दर दिवशी कमी, कारण फरकच आटत चाललाय. आलेख काढला तर आधी चढा आणि मग सपाट होत जाणारा वक्र येतो. लॅलींच्या लोकांच्या नोंदींवर बसवलेला वक्रही असाच होता. रसाची अपेक्षा आणि सवयीचा आपोआपपणा या काही एकच गोष्टी नव्हेत, तेव्हा हे साम्य आकारापुरतंच घ्या. पण याच गणितात पाचव्या दिवशी खाडा पाडून बघा. वाईटात वाईट धरू : दिवा लागला, रस आलाच नाही. फरक उणे ५.९, त्याचा पाचवा हिस्सा गेला, उरले ४.७२. म्हणजे साधारण तिसऱ्या दिवसापाशी आलात. शून्यावर नाही! 'पुन्हा पहिल्या दिवसापासून' हा नियम मेंदूचा नाही, पत्रक लिहिणाऱ्याचा आहे.

याहून गंमतीची गोष्ट म्हणजे ध्येय आणि सवय यांची बिऱ्हाडं स्ट्रायटममध्येही वेगळी आहेत. केंब्रिजमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅडम्स आणि डिकिन्सन यांनी उंदरांना खटका दाबून खाऊ मिळवायला शिकवलं. नंतर वेगळ्या वेळी तोच खाऊ देऊन त्यांना मळमळेल अशी व्यवस्था केली. थोडाच सराव झालेले उंदीर परत खटक्यापाशी आल्यावर शहाणे निघाले. खाऊ नकोसा, तर दाबायचं कशाला? भरपूर सराव झालेले मात्र दाबतच राहिले. त्यांच्या दाबण्याचा खाऊशी संबंध उरला नव्हता, फक्त खटक्याशी उरला होता. पुढच्या प्रयोगांतून कळलं की पहिल्या वागण्यामागे स्ट्रायटमचा वरचा-मधला भाग असतो आणि दुसऱ्यामागे वरचा-बाहेरचा. माणसात ढोबळमानाने कॉडेट आणि प्युटामेन. बाहेरचा भाग निकामी केला तर कितीही सराव झालेला उंदीर पुन्हा ध्येयाने वागू लागतो.

नावं विसरलात तरी चालेल, पॉपकॉर्न लक्षात ठेवा. २०११चा अमेरिकेतला प्रयोग : सिनेमागृहात काहींना ताजे, काहींना आठवडाभर शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी चिवट, बेचव पॉपकॉर्नही ताज्याइतकेच फस्त केले. सभा-बैठका भरतात तशा खोलीत मात्र असेच सवयीचे लोक शिळे बाजूला सारत होते. आणि सिनेमागृहातच, पण नेहमीचा सोडून दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हाही सवय मोडली.

तर 'यंदा निरोगी व्हायचं' हे ध्येय मधल्या भागाच्या कामाचं. बाहेरच्या भागाला ते ऐकूच जात नाही. त्याला हवी एक खूण : दिवा, खटका, सिनेमागृहाची खुर्ची. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवरचा २००२चा एक अभ्यास बघा. पुढच्या आठवड्यात किमान एकदा २० मिनिटं दमदार व्यायाम करायचा होता. नुसतं सांगितलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी केला. हृदयविकाराची भीती घालून प्रोत्साहन दिलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी. प्रोत्साहनाने काडीचाही जास्त फायदा नाही! पण 'अमुक वारी, अमुक वेळी, अमुक जागी करीन' असं ज्यांच्याकडून लिहून घेतलं, त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी केला. एकाच आठवड्याची गोष्ट आणि आकडे ज्याने-त्याने स्वतः सांगितलेले, हे खरं. तरीही ३८ आणि ९१.

जाता जाता, हल्ली 'डोपामिन डिटॉक्स'चं, म्हणजे मोबाइल वगैरे बंद ठेवून डोपामिनचा 'निचरा' करण्याचं, खूळ आलंय. डोपामिन हे पोटात साठलेलं विष नाही. ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात त्या आजाराला पार्किन्सन्स म्हणतात, आणि त्या माणसाला खुर्चीतून उठणंही जड जातं. मोबाइल जरूर बंद ठेवा, फक्त त्यात बिचाऱ्या डोपामिनला ओढू नका.

हे सगळं सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, 'पाहिलंत, आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणूनच चातुर्मास चार महिन्यांचा!' दिवस ६६हून जास्त भरतात, कबूल. पण चातुर्मासाचं काय होतं ते आठवा. कांदेनवमीला भज्यांपासून थालीपिठापर्यंत कांद्याचा फडशा पाडायचा, आषाढीपासून कांदा बंद, आणि कार्तिकी उलटली की पहिल्याच दिवशी पुन्हा भजी. चार महिने पाळूनही कांदा न खाण्याची सवय लागत नाही! लागावी तरी कशी? 'न करणं' ही काही हातांनी करायची कृती नाही, तिला खूण नाही, आणि उद्यापनाची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली. तो संयम आहे, मधल्या भागाच्या जोरावर रेटलेला. त्याची किंमत मी कमी लेखत नाही, पण त्यात मेंदूविज्ञान शोधू नये. उलट 'आंघोळ झाली की तुळशीला पाणी' या नेमाला खूणही आहे आणि कृतीही. तो उद्यापनाशिवाय पन्नास वर्षं चालतो.

राहिला आत्म्याचा रकाना. विज्ञानाला तिथलं फार थोडं मोजता येतं. इटलीत लुचानो बेर्नार्दी यांनी २३ निरोगी माणसांकडून लॅटिनमधली रोझरीची (कॅथलिकांच्या जपमाळेची) प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' म्हणवून घेतलं. निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. रक्तदाबाची स्वतःचीही साधारण दहा सेकंदांची एक लय असते, तिच्याशी श्वास जुळला, आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया जास्त तत्पर झाली. दोन धर्म, दोन भाषा, परिणाम एक. तेव्हा श्रेय शब्दांपेक्षा संथपणाचं. मोक्ष कुणी मोजला नाही.

आमच्या ग्रुपवरच्या त्या पत्रकापैकी आता फक्त तळमजल्यावरच्या काकू शिल्लक आहेत, आणि आपण शिल्लक आहोत हे त्यांना माहीत नाही. सकाळी घंटागाडी वाजली की त्या कचरा घेऊन उतरतात आणि बादली कट्ट्यावर ठेवून तशाच चौकातल्या पिंपळापर्यंत जाऊन येतात. पावलं मोजत नाहीत. आमच्याकडे रविवारी घंटागाडी येत नाही. परवा मी विचारलं, ''काकू, रविवारी सुट्टी घेता वाटतं?'' त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, ''सुट्टी कसली हो, रविवारी मला चालायचं आठवतच नाही.''