बालगृहातून 18व्या वर्षी बाहेर पडताना : अनुरक्षण सेवेची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

बालगृहातील मुलाने किंवा मुलीने वयाची 18 वर्षे पूर्ण केली की संस्थेच्या पटावरून नाव कमी होते, पण शासनाची जबाबदारी त्याच दिवशी संपत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये अशा तरुणांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. 2016 च्या आदर्श नियमांतील नियम 25 प्रमाणे त्यांना 21 वर्षांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत त्यापुढे आणखी दोन वर्षे, अनुरक्षण सेवा घेता येते. अनुरक्षण म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले ‘आफ्टरकेअर’. यात सहा ते आठ जणांच्या गटाने तात्पुरते राहण्याची सोय, प्रशिक्षणकाळातील विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आणि समुपदेशन येते. मिशन वात्सल्य या केंद्र शासनाच्या बाल संरक्षण योजनेअंतर्गत यासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे.

पात्रतेबाबत एक गैरसमज फार आढळतो. आई किंवा वडील हयात असले तरी अनुरक्षण सेवा नाकारली जात नाही. संस्थात्मक काळजीतून बाहेर पडणे ही खरी अट आहे. त्यामुळे काळजी व संरक्षणाची गरज म्हणून बाल कल्याण समितीच्या आदेशाने दाखल झालेली मुले आणि गुन्ह्याच्या आरोपावरून बाल न्याय मंडळामार्फत संस्थेत आलेली मुले, दोघेही पात्र ठरतात. मात्र कायद्यातील व्याख्या ‘संस्थात्मक काळजी’ एवढीच असल्याने, बालसंगोपन योजनेखाली नातेवाइकांकडे वाढलेल्या तरुणांची बाजू येथे कमकुवत पडते, आणि ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

अर्जाची खरी सुरुवात बाहेर पडण्याआधी होते. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर), बाल कल्याण अधिकाऱ्याने किंवा समाजसेवकाने त्या मुलाचा पुनर्वसन आराखडा तयार करून समितीपुढे किंवा मंडळापुढे ठेवायचा असतो, आणि अनुरक्षण सेवेचा आदेश तेथूनच निघतो. म्हणून साडेसतरा वर्षांच्या आसपास अधीक्षकांकडे लेखी विनंती द्यावी आणि तिची पोच घ्यावी. संस्था आधीच सोडली असल्यास आपल्या जिल्ह्यातील जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातील बाल संरक्षण कक्षाकडे जावे.

अर्जासोबत समितीचा किंवा मंडळाचा दाखल आदेश, संस्थेतून मुक्ततेचा आदेश, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि शिक्षण सुरू असल्यास प्रवेशाची पावती तयार ठेवावी. मूळ आदेशांच्या साक्षांकित प्रती संस्थेतून निघतानाच घ्याव्यात, कारण नंतर जुन्या फायली शोधून देण्याची घाई कोणालाच नसते.

सर्वाधिक अडचण मात्र बँक खात्यात येते. निधी थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होतो, आणि अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, असताना उघडलेले खाते 18 पूर्ण झाल्यावर नव्या सहीने व नव्या केवायसीने सज्ञान खात्यात बदलावे लागते. आधारला संस्थेचा मोबाइल क्रमांक जोडलेला असल्यास ओटीपी जुन्या संस्थेच्या फोनवर जातो आणि मुलगा बँकेच्या काउंटरवर ताटकळत उभा राहतो. त्यामुळे स्वतःचा क्रमांक आधी जोडून घ्यावा. आधारच नसेल, तर मान्यताप्राप्त संस्थेच्या अधीक्षकांनी विहित नमुन्यात दिलेले छायाचित्रासह प्रमाणपत्र आधार नोंदणीसाठी चालते.

अर्जाचा निर्णय लागेपर्यंत डोक्यावर छप्पर नसेल, तर महापालिका किंवा नगरपालिकेच्या शहरी बेघर निवाऱ्यात चौकशी करावी. अजून 18 वर्षे पूर्ण नसल्यास निवाऱ्याऐवजी 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर संपर्क साधावा, म्हणजे प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाते.

अनाथ प्रमाणपत्र ही स्वतंत्र बाब आहे. महाराष्ट्र राज्यातील शिक्षण व शासकीय नोकरीतील 1 टक्का आरक्षणाचा लाभ त्यावर मिळतो. त्यासाठी 18 वर्षांपूर्वी आई-वडील दोघांचेही छत्र हरपलेले असावे लागते, आणि एक पालक हयात असलेल्यांना ते मिळत नाही. नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही ‘संस्थाबाह्य’ प्रवर्गातून ते मागता येते. हा अर्जही जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातच करायचा असतो. तेव्हा अनुरक्षणाची फाईल देताना पात्र तरुणांनी हा अर्जही त्याच फेरीत द्यावा.