आघातशोषक गादी (देखभाल ट्रकवरील)

रस्त्यावर चालू असलेल्या देखभालीच्या कामामागे आडोसा म्हणून उभ्या केलेल्या ट्रकच्या पाठीस बसवलेली, मागून आदळणाऱ्या वाहनाची गतिज ऊर्जा स्वतः चेपून शोषणारी रचना. ‘क्रॅश कुशन’, ‘अटेन्युएटर’ ही नावेही रूढ आहेत. ट्रकपुढील कामगार आणि आदळणारा चालक या दोघांचाही जीव तिच्यावर अवलंबून असतो.

उगम : या रचनेचे जनकत्व वादाचे आहे. काही जण ते जॉन फिच या अमेरिकी शर्यतपटूकडे नेतात. 1955 च्या ल माँ शर्यतीतील भीषण अपघातात त्यांचा सहचालक मरण पावला. पुढे त्यांनी वाळूने भरलेल्या प्लॅस्टिक पिंपांचा अडथळा विकसित केला. मात्र ही पिंपे ट्रकमागे फिरत नाहीत, एका जागी मांडलेली असतात आणि वाहनाचा संवेग वाळूला देऊन त्याला थांबवतात. घडी पडून ऊर्जा शोषणे हे त्यांचे तत्त्व नव्हे. टेक्सासमध्ये 1970 च्या दशकाच्या आरंभी रिकाम्या पोलादी पिंपांचा, ट्रकमागे जोडायचा ट्रेलर तयार झाला. त्यावरील अहवाल साधारण 1973 चा. अभियंते जॉन कार्नी यांच्या कनेक्टिकटमधील पोलादी नळकांड्यांच्या गादीचा काळ त्यानंतरचा, बहुधा त्या दशकाच्या उत्तरार्धातील. कनेक्टिकटची रचना अधिक सुघड असली, तरी ट्रकमागे फिरणारी गादी या अर्थाने टेक्सासला अग्रक्रम देणे सयुक्तिक वाटते.

अभिकल्प : रस्त्यावरील सुरक्षा-साधनांच्या धडक-चाचणीसाठीच्या अमेरिकी ‘मॅश’ निकषांच्या (2009, सुधारित 2016) वरच्या चाचणीत 1,100 किग्रॅ.ची मोटार आणि 2,270 किग्रॅ.चा पिकअप ताशी 100 किमी. वेगाने आदळवतात. पिकअपची ऊर्जा सुमारे 876 किलोजूल भरते. आडोशाचा ट्रक 9 टनांचा आणि मोकळा (ब्रेक न लावलेला) धरल्यास त्यांपैकी सुमारे 700 किलोजूल गादीच्या वाट्याला येते; बाकीची ट्रक ढकलण्यात जाते. पिकअपला सरासरी 12 जी (गुरुत्व त्वरणाच्या 12 पट) इतके मंदन द्यायचे, तर 267 किलोन्यूटन बल लागते आणि गादी सुमारे 2.6 मी. चेपावी लागते. खरी मेख पुढेच आहे : तेच बल हलक्या मोटारीवर आले, तर मंदन 25 जीच्या घरात जाते आणि निकषाची 20.49 जीची मर्यादा ओलांडते. म्हणून गादीचा मागचा, आधी धडक घेणारा टप्पा मऊ आणि ट्रकलगतचा टणक ठेवतात. ॲल्युमिनियमची मधपोळ्यासारखी जाळी यासाठी उत्तम. तिचे कप्पे एकामागून एक घडी पडत जातात आणि त्या-त्या टप्प्यात बल जवळजवळ सारखे राहते.

कोल्हापूर परिसर : किणी, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातील पुणे-बंगळूर महामार्गावर (रा. म. 48, पूर्वीचा क्र. 4) गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. अशा 20 टनी वाहनाचा वेग ताशी 25 किमी. धरला, तर त्याची ऊर्जा पिकअपहून कमी, पण संवेग दुपटीहून अधिक. त्यामुळे गादी थोडीच चेपते आणि ट्रक मात्र, फक्त त्याचेच ब्रेक धरतात असे मानल्यास, साधारण दुप्पट अंतर पुढे सरकतो. कामगार आणि ट्रक यांमधील मोकळी जागा येथे परदेशी तक्त्यांवरून ठरवू नये.

शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्र्या पाहून अशी गादी बिडात ओतावी असे कोणासही सुचेल. पण बीड ठिसूळ, ते घडी न पडता फुटते आणि त्याचे तुकडे उडतात. मऊ पोलादी पत्र्याची नळकांडी वळवून, जोडून केलेली रचना मात्र येथील फॅब्रिकेशनच्या आवाक्यातील आहे. डांबराची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईच्या पाठीशी आजही पुष्कळदा फक्त एक टिपर, फाळक्याला बांधलेली झाडाची फांदी आणि चार दगड असतात.

कार्यक्षेत्रातील वाहतूक व्यवस्थेविषयी भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका (आयआरसी:एसपी:55, 2014) पाहावी. दुचाकीस्वाराला या गादीचा उपयोग अल्प. त्याच्यासाठी दुरूनच दिसणारे शंकू आणि दिवे हाच बचाव.