चित्रातला चेंडू बाळ चिमटीत का धरतं?

नऊ महिन्यांच्या बाळापुढे चेंडूचा मोठा रंगीत फोटो धरा आणि त्याची बोटं बघत बसा. आधी ते फोटोवर थापट्या मारतं, तळवा फिरवतं. मग अंगठा आणि तर्जनी जुळवून कागदावरचा चेंडू चिमटीत उचलायला जातं. हाती काही लागत नाही, तरी पुन्हा नखाने खरवडतं. मानसशास्त्रज्ञ जुडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे नोंदवलं. पश्चिम आफ्रिकेत वाढणाऱ्या बाळांनीही तेच केलं. पुढे १९ महिन्यांच्या सुमारास हा खटाटोप थांबतो आणि मूल चित्राकडे बोट दाखवू लागतं.

बाळ फसलेलं नसतं बरं का! वस्तू आणि तिचा फोटो शेजारी ठेवले, तर हात बहुतेक वेळा वस्तूकडेच जातो. चित्र नेमकं कशासाठी असतं, हे मात्र त्याला अजून उमगलेलं नसतं. त्याच्या लेखी एखाद्या गोष्टीची ओळख करून घ्यायची म्हणजे ती धरायची, दाबायची, जमल्यास तोंडात घालायची. तोंड तर हवंच. गर्भात स्पर्शाची जाणीव सर्वांत आधी ओठांभोवतीच जागी होते.

म्हणून पाणी, ओली वाळू, मळलेला गोळा यांत हात लडबडणं मला वेळ घालवण्याचा उद्योग वाटत नाही. साधा स्पंज घ्या. कोरडा असतो तेव्हा हलका, खरखरीत. बुडवला की जड आणि मऊ. दाबला की पाणी गळतं आणि सोडल्यावर फुगून परत पहिल्यासारखा. यातलं काहीच स्पंजच्या चित्रात नसतं. (तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, बिया नकोत. आणि पाणी बोटभर असलं तरी मोठं माणूस जवळ हवंच.)

मग पुस्तकातच स्पर्श घातला तर? उघडझाप करणाऱ्या खिडक्या, ओढायच्या पट्ट्या? कल्पना गोड आहे, पण २०१० च्या एका अभ्यासात साधारण २० महिन्यांच्या मुलांना साध्या, खऱ्यासारख्या चित्रांच्या पुस्तकातून नवा शब्द जास्त चांगला शिकता आला. अडीच वर्षांच्या आसपासची मुलंही हलत्या भागांच्या पुस्तकातून कमी माहिती शिकली. मला वाटतं, पट्टी ओढण्याच्या नादात चित्र बाजूलाच राहत असावं. मजेसाठी अशी पुस्तकं जरूर आणावीत, पण शब्दांसाठी साधं पुस्तक बरं. आधी खरा स्पंज हातात, मग पानावरचा.

आणि पान उघडल्यावर नुसतं वाचत सुटू नये. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८ च्या प्रयोगात काही पालकांना एवढंच शिकवलं होतं, की "हे काय?", "हा काय करतोय?" असं विचारायचं आणि मुलाच्या तुटक उत्तरात भर घालायची. "भूभू" म्हणालं, तर "हो, काळा भूभू पळतोय." दुसऱ्या गटातले पालकही तितक्याच वेळा वाचत होते, पण नेहमीच्या पद्धतीने. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली होती.