परसातील कीटकांचे छायाचित्रण

घराभोवतीची झाडे, कुंड्या, भिंती व दिव्याखालच्या जागा यांवर वावरणाऱ्या लहान जिवांची मोठ्या आकारात छायाचित्रे घेण्याची कला. कोळी आणि मृगाचा किडा हे आठ पायांचे, म्हणजे शास्त्राने कीटक नव्हेत; पण छायाचित्रकार त्यांना वगळत नाहीत, आणि वगळूही नये.

जिवाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मूळ आकाराएवढी किंवा त्याहून मोठी उमटली, की त्यास मॅक्रो छायाचित्र म्हणतात. ३६ × २४ मिमीच्या फुल-फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर ३६ मिमी लांबीचा चतुर अशा वेळी चौकट भरून टाकतो. यासाठी ९० ते १०५ मिमी नाभीय अंतराची मॅक्रो लेन्स सोयीची, कारण किड्यापासून थोडे लांब राहता येते. कॅमेरा व लेन्स यांमध्ये एक्स्टेन्शन ट्यूब ही पोकळ नळी लावून किंवा जुनी लेन्स रिंगेने उलटी बसवूनही काम भागते, आणि पुष्कळांची सुरुवात तिथूनच होते.

खरी अडचण असते स्पष्टतेच्या खोलीची, म्हणजे पुढून मागे किती जाडीचा भाग रेखीव येतो याची. एकास एक, म्हणजे मूळ आकाराएवढ्या प्रतिमेला लेन्सचे छिद्र एफ/८ इतके लहान ठेवले तरी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग रेखीव येतो. छिद्र फार लहान केले, तर विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. त्यामुळे तो मिलिमीटर कुठे ठेवायचा, हा निर्णय कलावंताचा. बहुतेक जण डोळ्यांवर ठेवतात. फोकस किंचित सरकवत अनेक छायाचित्रे घेऊन संगणकावर जोडण्याची पद्धतही रूढ आहे, पण वाऱ्याने हलणाऱ्या पानावर ती फसते. चकचकीत पाठीच्या भुंग्यावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो, म्हणून फ्लॅशपुढे बटर पेपर किंवा पातळ पांढरे प्लास्टिक धरून प्रकाश पसरवतात.

या दृष्टीची मुळे जुनी आहेत. अमेरिकेतील व्हरमाँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ मध्ये कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून हिमस्फटिक टिपले. बर्लिनचे कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी विद्यार्थ्यांना नक्षीचे नमुने म्हणून कोंब, कळ्या व पानांची छायाचित्रे घेतली. १९२८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि कलाकृती म्हणून गाजली. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस यांनी ऑक्सफर्डच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील कीटकांची २०१६ मध्ये प्रदर्शित केलेली चित्रे प्रत्येकी सुमारे आठ हजार छायाचित्रे जोडून तयार झाली होती. त्यांतील तपशिलाला तोड नाही, पण ते नमुने मृत आहेत. भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी लेन्सकडे वळून पुढचे दोन मोठे डोळे रोखतो, तेव्हा जे चित्र मिळते ते त्या दालनात मिळणार नाही.

परसाचा मोठा फायदा म्हणजे तेच झाड रोज पाहता येते. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर लिंबू फुलपाखराची अळी सापडते. कोवळ्या वयात ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी. शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार. डिवचली की डोक्यामागून नारिंगी रंगाचा दुबेळक्यासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. तो टिपण्यासाठी तिला मुद्दाम काडीने टोचणारे आहेत. जाणकार मात्र नापसंती दाखवतात. महाराष्ट्रात पहिल्या पावसाबरोबर लाल मखमली मृगाचे किडे जमिनीवर येतात, आणि त्यांच्यासाठी पोटावर झोपावे लागते. वेळ सकाळची चांगली: ऊन लागेपर्यंत किडे गारठलेले, जागचे हलत नाहीत.

किडा फ्रिजमध्ये थंड करून फोटो काढण्याची युक्ती प्रचलित आहे. नैतिकतेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी चित्र म्हणूनही ती वाईट. पाय पोटाशी ओढलेले, शृंगिका लोंबलेल्या; असा जीव पानावर मांडून ठेवल्यासारखाच दिसतो.

या छायाचित्रांचा अभ्यासालाही उपयोग होतो. आयनॅचरलिस्टसारख्या, सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर ती स्थळ व दिनांकासह नोंदवता येतात. फुलपाखरे व चतुर फोटोवरून पुष्कळदा ओळखू येतात. बारीक माश्या आणि गांधीलमाश्यांच्या अनेक जातींची खातरजमा मात्र नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्याशिवाय होत नाही.