ओन्ली

ओन्ली : इंग्रजीतील क्रियाविशेषण, 'एकुलता एक' या अर्थी विशेषणही. मूळ प्राचीन इंग्रजीतील 'आनलिक': 'आन' म्हणजे एक, 'लिक' म्हणजे सारखा. केवळ, फक्त, नुकताच हे अर्थ कोणत्याही शालेय कोशात मिळतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः बडोद्याच्या मराठी भाषकांच्या तोंडी असलेल्या वापराविषयी आहे.

वाक्यातील जागा हा इंग्रजी व्याकरणातील जुना वाद. ज्या पदावर रोख आहे त्याच्या लगत हा शब्द हवा, असा आग्रह रॉबर्ट लोथ याच्या १७६२ च्या व्याकरणापासून दिसतो. इंग्रजी भाषाप्रयोगाचा कोशकार फाउलर याने १९२६ मध्ये या काटेकोरपणाची थट्टा केली. बोलण्याचा ओघ व आघात अर्थ सांभाळून घेतात, हे त्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठीत हा प्रश्नच उद्भवत नाही. 'मीच दूध प्यायलो', 'मी दूधच प्यायलो', 'मी दूध प्यायलोच' : 'च' ज्याला चिकटला, रोख त्यावर.

भारतीय इंग्रजीत 'ओन्ली' वगळण्याऐवजी ठासून सांगण्याचे काम करतो आणि रोखाच्या पदामागून येतो. 'आय ॲम फ्रॉम बडोदा ओन्ली' म्हणजे 'मी फक्त बडोद्याचा' नव्हे, 'मी बडोद्याचाच'. राकेश भट्ट (२०००) व क्लाउडिया लांगे (२००७) यांनी या रचनेचा अभ्यास केला आहे. हिंदी 'ही' सारख्या निपातांची (पदाला जोडून रोख दाखवणाऱ्या छोट्या अव्ययांची) ही छाया, हे स्पष्टीकरण पुरेसे वाटते. पण बडोद्यात केवळ हिंदीकडे बोट दाखवणे अपुरे. दांडिया बाजारातला मराठी माणूस घरी 'इथलाच', दुकानात 'अहींनो ज' आणि कचेरीत 'फ्रॉम हिअर ओन्ली' म्हणतो. तिन्ही ठिकाणी निपात पदामागेच राहतो.

'च' व 'ज' हे एकाच शब्दाचे दोन उच्चार, असा समज या दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत सहज होतो. तो बहुधा बरोबर नाही. बाराव्या शतकात गुजरातेतील पाटणला जैन पंडित हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात अवधारणासाठी (ठासून सांगण्यासाठी) 'णइ, चेअ, चिअ, च्च' ही अव्यये एका सूत्रात दिली आहेत. मराठी 'च' याच कुळातला. 'चेअ'चे मूळ संस्कृत 'चैव' (च + एव) असे सामान्यतः मानतात. अपभ्रंशाच्या (प्राकृतानंतरच्या भाषारूपाच्या) भागात मात्र हेमचंद्र 'एव'साठी 'जि' देतो, आणि गुजराती 'ज' त्याच्याशी जुळतो. 'एव' दोहोंच्या मुळाशी असेल, परंतु वाटा वेगळ्या. मराठी 'च' मधून घोष (स्वरतंतूंच्या कंपासह होणाऱ्या) उच्चाराने 'ज' झाला, ही व्युत्पत्ती आकर्षक असली तरी 'जि'च्या पुराव्यापुढे टिकत नाही. उच्चारातही फरक आहे : मराठीतला हा 'च' 'चमचा'तला दंतमूलीय, 'चहा'तला तालव्य नव्हे.

धनादेशावर मात्र 'ओन्ली' इंग्रजी अर्थानेच येतो : रकमेपुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून. मराठीत तेथे 'फक्त' (मूळ अरबी) किंवा 'मात्र', तर गुजरातीत 'पूरा' लिहितात. मराठी शब्द रकमेला मर्यादा घालतो, गुजराती शब्द ती पूर्ण झाल्याचे सांगतो. कारकुनाला दोन्ही चालतात. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९०८ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाच्या गावी ही तिन्ही रूपे ओळखीची आहेत. अक्षरी रकमेमागच्या 'ओन्ली'मुळे बोलण्यातला 'ओन्ली' मागे गेला, असे गमतीने म्हणता येईल. पण 'च' आणि 'ज' यांची जागा धनादेशाहून फार जुनी आहे.

बडोद्यात इंग्रजी उच्च शिक्षणाची सोय १८८१ मध्ये बडोदा कॉलेजमुळे झाली. १९४९ च्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माध्यमही इंग्रजीच राहिले. पूर्ण मराठी वाक्यात मात्र 'ओन्ली' क्वचितच शिरतो, कारण तेथे 'च' आधीच बसलेला असतो.