खेड्यातला स्टॉपर आणि नोकरीची वाट

नागपूरच्या फुटबॉल लीगमधल्या बॅकचं, म्हणजे बचावपटूचं, नाव पेपरात येतं ते बहुधा लाल कार्ड मिळाल्यावर. एरवी बातमी गोल मारणाऱ्याची. त्यामुळे रामटेक-उमरेडकडच्या एखाद्या स्टॉपरची, म्हणजे मधल्या बॅकची, कारकीर्द शोधायची तर तो पुढे नोकरीला कुठे लागला, हेच आधी विचारावं.

हा खेळ इथे छावणीतून आला. कामठीची लष्करी छावणी १८२१ची. इंग्रज पलटणी गेल्या, फुटबॉल मोहल्ल्यांत राहिला आणि रब्बानीसारखे क्लब उभे झाले. पुढे रेल्वे-पोलिसांचे संघ आले. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना मैदानावर आणलं. खेड्यात मात्र कबड्डीचंच राज्य. फुटबॉलकडे वळलेल्या दणकट पोराला सर मागे उभं करतात, कारण अंगावर येणाऱ्याला तो भीत नाही.

त्याला घडवते ती काळी माती. पावसाळ्यात स्टडमध्ये चिखलाचे गोळे बसून बूट उचलवत नाही, उन्हाळ्यात भेगांमुळे चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. अशा मैदानावर चेंडू पायात घोळवला की गोल बसलाच समजा. म्हणून बाहेरून आरडाओरडा सुरू असतो, "अबे काढ ना बाहेर, काय खेळून राहिला!" चेंडू दिसला की लाथ, ही सवय हाडीमाशी खिळते. वरच्या संघाच्या चाचणीत नेमकी तीच नडते. १९९२च्या नियमबदलानंतर सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरला हातात घेता येत नाही. तेव्हापासून बॅकलाही दडपणाखाली पायाने खेळता यावं लागतं. माझ्या मते गावाकडच्या चांगल्या बॅकची गाडी अडते ती इथेच. ताकदीत तो कमी नसतो.

शिडी कागदावर आहे. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७मध्ये तिची आय-लीग झाली, २०१४ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, २०२३-२४मध्ये आय-लीग ३ सुरू झाली. पण राज्याच्या फुटबॉलचा कारभार मुंबईतून चालतो आणि मुंबई नागपूरहून आठशे किलोमीटर. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तेवढी सुट्टी घरचे देत नाहीत.

मग खालच्या लीगमधला बॅक नाइट टूर्नामेंटमध्ये गेस्ट प्लेयर म्हणून चार पैसे कमावतो आणि भरतीची तयारी करतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी लागते. गावच्या स्पर्धेत जिंकलेली ढाल उपयोगाची नाही. पोलीस भरतीचे १६०० मीटर त्याला जड जात नाहीत, लेखी परीक्षा जाते. कुणी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, म्हणजे १९१४च्या जुन्या संस्थेत, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतो. शिक्षकभरती रखडली की तासिका तत्त्वावर शाळेत लागतो, आणि रविवारी गुडघ्याला पट्टा बांधून लीग खेळतोच.